शून्यावर संपणारी वयं

धुळ्याच्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी परीक्षा संपल्या की माझी नोकरी संपते आणि पावसाळ्यात मुलाखत देऊन तीच नोकरी मला पुन्हा मिळते. अठरा वर्षं असं चाललं आहे. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. नोकरी जाण्याची भीती या विषयात माझा अनुभव विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आहे, एवढंच.

मागच्या वर्षी एम. ए.च्या शेवटच्या वर्गात एकोणीस जण होते. फळ्यावर कोणताही मुद्दा लिहिला तरी दहा मिनिटांत बोलणं कृत्रिम बुद्धिमत्तेवर यायचं. हिशेबनीस नको, टायपिस्ट नको, अहवाल लिहिणारा नको, मग आपण कशाला, असं सगळं.

"मॅडम, आता बँकेत माणसंच लागणार नाहीत म्हणे."

"आधी तरी कुठे असतात? मी जातो तेव्हा जेवणाची सुट्टी असते," मागच्या बाकावरून उत्तर आलं.

"मॅडम, तुमचंही काही खरं नाही. मोबाइल फुकट शिकवतो, वर रागावतही नाही."

"मला दर एप्रिलला घरी बसवतात," मी म्हटलं. "त्यासाठी अजून कुणाला मोबाइल लागलेला नाही."

सगळे हसले. खिडकीजवळ दुसऱ्या बाकावर बसणारी मुलगी हसली नाही. ती साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातली. धुळ्यात मुलींच्या वसतिगृहात राहायची. वर्गात सगळ्यांत नीट उत्तरं लिहिणारी, बोलणं अगदी पुस्तकातलं. घरून फोन आला की व्हरांड्याच्या टोकाला जाऊन, पाठ फिरवून बोलायची. तिची घरची बोली मी दोन वर्षांत एकदाही ऐकली नव्हती.

तिचा प्रकल्प माझ्याकडे होता. विषय होता, कांदा पिकवणाऱ्या घरांतल्या बायकांना विक्रीच्या निर्णयात किती वाटा असतो. साठ बायकांना प्रश्नावली घेऊन भेटायचं, उत्तरं लिहून आणायची, तक्ते करायचे, निष्कर्ष काढायचे. फेब्रुवारी संपता संपता तिने अहवाल आणून दिला. मी पानं उलटली. तक्ते सरळ, भाषा गुळगुळीत, निष्कर्ष आशादायक. बायकांचा सहभाग वाढतो आहे, शिक्षणाबरोबर आणखी वाढतो आहे, वगैरे. एकही खाडाखोड नाही.

मी मागे जोडलेल्या साठ प्रश्नावल्या काढल्या आणि वयाच्या रकान्यावरून बोट फिरवत गेले. त्रेचाळीस, सत्तावन्न, एकोणतीस, बासष्ट, अडतीस, एकाहत्तर. साठ बायका आणि साठ जणींना आपलं वय अगदी बरोबर माहीत.

इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. माझं माहेर पाचोऱ्याचं. पदवी झाल्यावर मी काही महिने घरोघरच्या पाहणीचं काम केलं. आम्ही तीन मुली आणि दोन मुलगे. जामनेर तालुक्यातली गावं वाटून दिली होती. मे महिना होता. एका गावाला जाणारी गाडी चुकली, दुसरी तीन तासांनी होती. आम्ही स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात बसलो आणि तिथेच चाळीस फॉर्म भरून टाकले. माणसं आम्हीच जन्माला घातली, त्यांची लग्नं लावली, त्यांना गाई-म्हशी दिल्या. फार मजा आली. एकाच हस्ताक्षरात वाटू नये म्हणून पेनं बदलली, फॉर्म आपसांत फिरवले, काही मुद्दाम चुरगळले.

आमच्यावर एक निवृत्त गृहस्थ देखरेखीला होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. नानांनी गठ्ठा हातात घेतला, बाकी काही वाचलं नाही, फक्त वयाच्या रकान्यावरून बोट फिरवलं.

"गाव पुढारलेलं दिसतं," ते म्हणाले. "म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडेसुद्धा जन्मदाखले आहेत."

आम्ही एकमेकांच्या पेनांकडे पाहिलं.

"पोरांनो, खेड्यात वय विचारलं की माणूस चाळीस सांगतो, पन्नास सांगतो, फार तर पंचेचाळीस. खऱ्या फॉर्मात वयं शून्यावर नाहीतर पाचावर संपतात. त्रेचाळीस सांगणारा एखादा मास्तर असतो. तुम्ही चाळीस मास्तर गाठलेत. उद्या पायी जा."

आम्ही दुसऱ्या दिवशी पायी गेलो. तेव्हापासून कुठलीही प्रश्नावली हातात आली की मी आधी वय बघते.

म्हणून त्या मुलीला बोलावलं तेव्हा मला धक्का वगैरे बसलेला नव्हता. लबाडी जुनीच होती. आम्हाला तीन तास आणि पाच पेनं लागली होती, तिला मोबाइल पुरला होता.

"यातल्या किती जणींना भेटलीस?" मी विचारलं.

ती लगेच म्हणाली, "एकीलाही नाही." मला ते बरं वाटलं. खोटं उघड करायचे कष्ट तिने मला दिले नाहीत.

"का?"

"वेळ नव्हता असं सांगणार होते. पण वेळ होता. मी फक्त बघायला म्हणून मोबाइलला विचारलं, की अशी प्रश्नावली भरली तर कशी दिसेल. चहा निवायच्या आत साठ आल्या, मॅडम. मग तक्ते आले, निष्कर्ष आले. दोन वर्षं तुम्ही जे शिकवलं ते सगळं त्यात होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं." तिने टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "मग मी कशाला जाऊ उन्हात? आणि ही डिग्री तरी कशाला?"

मग खरं काय ते कळलं. ती शिक्षण सोडायला निघाली होती. तिच्या खोलीत राहून गेलेली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी पुण्याला अहवाल तयार करायच्या कामाला लागली होती. ती परत आली होती. त्या कार्यालयात आता बाराऐवजी दोघंच होती. इकडे नाशिकच्या मावशीने एका दवाखान्यात बोलून ठेवलं होतं. रुग्णसेविकेचं प्रशिक्षण, राहायची सोय, आणि एक एप्रिलला हजर व्हायचं. परीक्षा त्यानंतर होती. ती परीक्षा देणार नव्हती; अहवाल दिला तो नुसता सोपस्कार म्हणून.

"आई म्हणते, सुई टोचायला मशीन येणार नाही," ती म्हणाली.

आई चुकीचं बोलत नव्हती. मी तिला शिक्षणाचं महत्त्व सांगितलं नाही. ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि अठरा वर्षं तात्पुरत्या नोकरीवर असलेल्या बाईने ते सांगावं हेही जरा विनोदी झालं असतं.

"नाशिकला जा," मी म्हटलं. "चांगलं काम आहे. पण या नसलेल्या साठ बायकांखाली माझी सही हवी आहे तुला. ती मी करणार नाही. दहा दिवस आहेत. खऱ्या बायका आण. मग परीक्षा दे नाहीतर देऊ नकोस."

"आणि नाही आणल्या तर?"

"तर प्रकल्पात नापास. मग ठरवायला काही उरणारच नाही."

ती उठून गेली. दोन दिवस वर्गात आली नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, रविवारी याल का? मी एकटीने विचारलं तर त्या हसतील."

मी गेले. साक्रीपर्यंत एस.टी., पुढे जीप. तिच्या गावाबाहेर कांद्याची काढणी चालू होती. उपटलेले कांदे शेतात पसरले होते आणि आठ-दहा बायका उकिडव्या बसून विळ्याने पात कापत होत्या. कांदा डावीकडे टोपलीत, पात उजवीकडे. हात थांबत नव्हते. मुलीने बॅगेतून प्रश्नावली काढली, ओढणी सारखी केली आणि ओळीतल्या पहिल्या बाईपुढे उभी राहिली.

"काकू, विक्रीविषयक निर्णयप्रक्रियेत आपला सहभाग कितपत असतो? पूर्ण, अंशतः की अजिबात नाही?"

बाईने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारणीला विचारलं, "काय बोली ऱ्हायनी व ही?"

"सरकारनी शे का ती?" शेजारणीने विचारलं.

"सरकारनी कसानी! आपला वरला आळीनी पोर शे ती. धुयाले शिकस."

"मंग अशी काब्रं बोलस?" मग अशी का बोलते, हा प्रश्न मलाही पटला.

सगळी ओळ हसली. मुलगी लाल झाली. मला वाटलं, आता ही बॅग उचलून निघते. तिने कागद माझ्या हातात दिले, ओळीच्या टोकाला पडलेला एक विळा उचलला आणि बायकांच्या मध्ये बसली. दोन-चार कांदे कापले. हात सवयीचा होता. मग मान खाली ठेवूनच तिने विचारलं, "तुनं वय किती व माय?"

मी पेन काढलं. म्हणजे आता प्रश्न तिचे आणि हस्ताक्षर माझं.

"लिख पन्नास."

"पन्नास कसानी!" पलीकडून आवाज आला. "तुनी नातनं लगीन व्हई गयं!"

"मंग साठ लिख. पेन शे ना तुमनाजोडे, अक्का," ती बाई मला म्हणाली.

मी साठ लिहिलं. नाना आठवले.

"कांदा कोन इकस तुमना?" मुलीने विचारलं.

"घरना." म्हणजे नवरा.

"आनि भाव कोन ठरावस?"

पुन्हा सगळी ओळ हसली. "भाव? भाव ते व्यापारी ठरावस! घरना बी तोंड देखत उभा ऱ्हास."

"पन कांदा इकाना टाइमले तुले इचारस का कोनी?"

"इचारस ना," ती म्हणाली. "'ट्रॉली भराई गई का?' अस्सं इचारस."

या वेळी मीसुद्धा हसले. मग कागदाकडे पाहिलं. तीन चौकोन होते. पूर्ण, अंशतः, नाही. 'ट्रॉली भरली का' हे उत्तर कुठल्याच चौकोनात बसत नव्हतं, आणि आमचा मूळ प्रश्नच थोडा खोटा होता. आम्ही गृहीत धरलं होतं की घरात कुणीतरी निर्णय घेतं आणि तो बाई घेते की पुरुष एवढंच शोधायचं आहे. मी ते उत्तर समासात लिहून घेतलं.

संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या. पुढचे दिवस ती एकटी गेली. शेवटी साठपैकी एकेचाळीस भरल्या. बाकीच्यांनी हातातलं काम सोडलं नाही, किंवा 'घरनाले इचार' म्हणून हात हलवला. नऊ जणींच्या वयापुढे 'माहीत नाही' होतं. उरलेली वयं पस्तीस, चाळीस, पन्नास, पन्नास, साठ अशी. एका बाईचं वय त्रेचाळीस होतं. ती अंगणवाडीत शिकवते.

नवा अहवाल पहिल्यापेक्षा वाईट दिसत होता. तक्त्यांत भोकं होती. निष्कर्ष असा होता, की हा प्रश्न असा विचारून उत्तर मिळत नाही. मी सही केली. एक एप्रिल जवळ आला होता. तिने मावशीला फोन केला आणि परीक्षेनंतर जूनमध्ये आले तर चालेल का, म्हणून विचारलं. मावशी म्हणाली, जागा धरून ठेवायची हमी नाही. तरी ती परीक्षेला बसली. मी तिला काही बोलले नव्हते. शेतात काय झालं याबद्दल तीही माझ्याशी कधी बोलली नाही. फक्त व्हरांड्याच्या टोकाला जाणं बंद झालं. फोन आला की जागेवरच बोलायची.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "साठचे एकेचाळीस कसे झाले?"

"बाकीच्या थांबल्या नाहीत, सर. कांदा काढायचा होता."

परीक्षकांनी मान हलवली आणि बेताचे गुण दिले. सर्वांत जास्त गुण ज्या अहवालाला मिळाले त्यातली वयं मी पाहिली होती; शून्यावर संपणारं जवळपास एकही नव्हतं. तो माझ्या देखरेखीखालचा नव्हता. मी गप्प बसले. ते बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस मी उत्तरपत्रिका तपासायला जळगावला गेले. तिथे कामाला आलेल्या दुसऱ्या एका प्राध्यापिकेकडून कळलं, की शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देणारी एक कंपनी खानदेशातली मुलं शोधते आहे. तिकडे फोन उचलणारं आणि उत्तर देणारं यंत्रच आहे. पुस्तकी मराठी त्याला समजते, पण साक्रीची बाई किंवा शिरपूरचा आबा बोलायला लागला की ते अडकतं. म्हणून बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐकायचं, तसंच्या तसं लिहायचं आणि त्याचा अर्थ सांगायचा. सहा महिन्यांचं काम. मी मुलीला कळवलं. ती तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जळगावला आली.

दुपारी माझं तपासणीचं काम संपल्यावर आम्ही स्टँडवर भेटलो. ऊन असं होतं की बाकड्यावर रुमाल टाकल्याशिवाय बसता येत नव्हतं. ती तोंडावरचा स्कार्फ सोडत म्हणाली, "मॅडम, त्यांनी मला एक रेकॉर्डिंग ऐकवलं. एक बाई कांद्याची पात पिवळी पडते म्हणून विचारत होती. मशीनने अर्धं सोडून दिलं होतं. मी सगळं लिहिलं. ते म्हणाले, सोमवारपासून या."

"मग तोंड का असं?"

"मी सहा महिने ऐकणार, लिहिणार, समजावणार. म्हणजे मी त्याला शिकवणारच ना? मग ते शिकलं की माझं काय काम?"

हा प्रश्न बरोबर होता. "हे त्यांना विचारलंस का?" मी म्हटलं.

"विचारलं. आधी तिथले साहेब म्हणाले, पुढे संधी खूप आहेत. मी म्हटलं, कोणत्या? तर म्हणाले, क्षेत्र वाढतं आहे. मी तिसऱ्यांदा विचारलं, सर, सातव्या महिन्यात मी कुठे बसेन? तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, खरं सांगू का, माहीत नाही."

"मग?"

"मग मी हो म्हटलं."

मी तिच्याकडे पाहिलं.

"संधी खूप आहेत म्हणत राहिले असते तर नसतं म्हटलं," ती म्हणाली. "त्या पहिल्या अहवालात एकही बाई माहीत नाही म्हणाली नव्हती, आठवतं?"

धुळ्याची गाडी लागली. खिडकीची जागा तिने मला दिली. गाडी पारोळ्याला थांबली. मग तिने मावशीला फोन लावला आणि नाशिकला येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. ती "हो", "हो मावशी", "कळतं मला" एवढंच म्हणाली. जूनमध्ये ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. ती मुलगी आता नोकरीत कायम झाली आहे. हेही सांगायला हवं.

मला जुलैत पुन्हा मुलाखतीला बोलावलं. मंडळींनी विचारलं, अध्यापनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर कसा करता? मी म्हटलं, विद्यार्थी करतात, मी वयाचा रकाना बघते. त्यांना ते कळलं नाही. नोकरी मात्र दिली. या वर्षी एका मुलाने अहवाल आणला, त्यात साठच्या साठ वयं शून्यावर संपणारी. मागच्या वर्गाकडून बातमी गेली असणार. मी त्याला विचारलं, "या गावात अंगणवाडी नाही का रे?"

मुलीचे सहा महिने डिसेंबरात संपले. कंपनीने तीन महिने वाढवून दिले. पुढचं विचारलं नाही, म्हणाली, कारण उत्तर ठाऊक आहे. यंदा तिने दवाखान्याच्या प्रशिक्षणाचा अर्जही भरून ठेवला आहे, या वेळी स्वतःहून. पश्चिमेकडचे फोन यंत्राला आता बरेचसे समजायला लागले आहेत. म्हणून तिला जळगावच्या पूर्वेकडचे दिले आहेत. तिकडची बोली वेगळी, तिलाही सगळी कळत नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. "मॅडम, तुमचं माहेर जळगाव जिल्ह्यातलं ना? एक बाई बोलते आहे, केळीच्या बागेविषयी. शेवटचं वाक्य मला लागत नाही. मशीन तर म्हणतं, नक्की कळलं. तुम्ही ऐकता का?"

तिने ते रेकॉर्डिंग लावून फोन जवळ धरला. बाई भरभर बोलत होती, मागे पंप चालू होता. मी दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं.

"नाही ग," मी म्हटलं. "मला नाही माहीत."

"बरं," ती म्हणाली. तिकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. "तसं लिहिते. आणि बाईलाच परत फोन लावते."